कोड ३३६४ आणि दीड फूट वायर

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, एक दहा चाकी ट्रक दोन्ही बाजूंचे इंडिकेटर लावून, रस्त्याची कडा धरून, सायकलच्या वेगाने माझ्या गॅरेजसमोर येऊन थांबला. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, अकोला आणि बाळापूर यांच्या दरम्यान माझे वाहन-विद्युत दुरुस्तीचे काम चालते. ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, "भाऊ, गाडी विसाच्या वर जाऊनच नाही रायली." गाडी मी लगेच ओळखली, कारण दहा आठवड्यांपूर्वी, मार्चच्या सुरुवातीला, तिच्या डीईएफच्या, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या युरियाच्या द्रावणाच्या, टाकीतला सेन्सर मीच बदलला होता. त्याचे सुमारे पस्तीस हजार रुपये मालकाने मोजले होते, आणि मजुरी वेगळी. त्यानंतरच्या दोन दिवसांत काय घडले ते मी सविस्तर लिहीत आहे, कारण या दोषाच्या बाबतीत मी केलेली चूक आजही अनेक ठिकाणी रोज होते आणि तिची किंमत गाडीमालक भरतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे वाहनांच्या धुराचे मानक लागू झाले आणि अवजड डिझेल गाड्यांना नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बीएस-४ मधल्या ३.५ ग्रॅम प्रति किलोवॅट-तासावरून ०.४६ वर आली. ती गाठण्यासाठी धुराड्यात युरियाचे द्रावण फवारले जाते. उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि तो उत्प्रेरकावर नायट्रोजन ऑक्साइडशी संयोग पावून साधा नायट्रोजन आणि पाणी तयार होते. या द्रावणाला कागदोपत्री डीईएफ म्हणतात, ड्रायव्हर मंडळी सरळ 'युरिया' म्हणतात. त्यात युरिया ३२.५ टक्के असतो आणि उरलेले सगळे खनिजमुक्त पाणी. द्रावण संपले, पातळ निघाले किंवा त्यावर नजर ठेवणारा सेन्सर गप्प झाला, तर आधी दिवा लागतो, मग इंजिनचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, सुमारे २५ टक्क्यांनी उतरतो, आणि तरीही दुर्लक्ष झाले तर गाडी ताशी २० किलोमीटरवर अडकते. हा ट्रक त्या शेवटच्या पायरीवर पोहोचला होता, आणि त्यात अकोल्याच्या डाळ मिलमधून भरलेली तूरडाळ होती.

मार्चमध्ये काय झाले होते ते आधी सांगायला हवे. तेव्हा गाडीची ताकद कमी झाली होती आणि स्कॅनरवर एकच कोड होता, एसपीएन ३३६४, एफएमआय १८. पहिला आकडा बिघाड कोणत्या मोजमापाचा आहे ते सांगतो, दुसरा बिघाड कशा प्रकारचा आहे ते. ३३६४ म्हणजे डीईएफची गुणवत्ता आणि १८ म्हणजे मोजमाप योग्य पातळीपेक्षा मध्यम तीव्रतेइतके खाली. मी तो कोड 'गुणवत्ता सेन्सर खराब' असा वाचला. वास्तविक त्या कोडचा सरळ अर्थ 'द्रावण पातळ आहे, असे सेन्सर सांगतो आहे' इतकाच होता. सेन्सर खोटे बोलतो आहे असे त्या कोडमध्ये कुठेही नव्हते. या गाडीत सेन्सरचे डोके टाकीच्या माथ्यावर बसते आणि वर हात जायला जागा नाही, म्हणून टाकी उतरवावी लागली. उतरवण्याआधी आतले द्रावण मी वीस-वीस लिटरच्या दोन कॅनमध्ये काढले, नवा सेन्सर बसवला, आणि टाकी पेट्रोल पंपावरून आणलेल्या ताज्या डीईएफने भरली. कोड गेला. सेन्सर आणि द्रावण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्या होत्या, त्यामुळे गाडी नेमकी कशाने सुधारली हे कळण्याचा मार्ग मी स्वतःच बंद करून टाकला होता. त्या दिवशी हे माझ्या ध्यानात आले नाही. श्रेय सेन्सरला दिले आणि गाडी सोडली.

मे महिन्यात मात्र मी कशालाही हात लावण्याआधी ड्रायव्हरला समोर बसवून विचारपूस केली. दिवा पहिल्यांदा कधी लागला, युरिया कुठे भरला, टाकी कधी पाण्याने धुतली का, गाडीखाली वेल्डिंग झाले का. त्याच्या सांगण्यानुसार आठवडाभर दिवा लागत आणि विझत होता. सपाट रस्त्यावर विझायचा, खड्ड्यांच्या पट्ट्यात लागायचा, आणि त्या वेळी डॅशवरचा युरियाचा काटा एकदम शून्यावर जायचा. हे ऐकूनच माझी निम्मी दिशा ठरली. द्रावण खराब असेल तर ते खड्ड्यात खराब आणि डांबरावर चांगले असे होत नाही.

मग कोड पुसून न टाकता आहेत तसे वहीत उतरवून घेतले. घाईत कोड पुसणे म्हणजे जबाब नोंदवण्याआधी साक्षीदाराला घरी पाठवणे होय. या वेळी तीन कोड होते: गुणवत्तेचा ३३६४, टाकीतल्या पातळीचा १७६१ आणि टाकीतल्या तापमानाचा ३०३१, आणि तिन्हींच्या पुढे एफएमआय ९. नऊचा अर्थ माहिती चुकीची आली असा नाही, तर ठरलेल्या वेळी माहितीच आली नाही असा आहे. तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजणारे भाग एकाच क्षणी निकामी होणे जवळपास अशक्य असते. पण ते तिन्ही एकाच डोक्यात बसलेले असतात आणि त्या डोक्याला चारच वायरी येतात, वीजपुरवठ्याची एक, अर्थची (ऋण बाजूची) एक आणि गाडीतले नियंत्रक जिच्यावरून एकमेकांशी बोलतात त्या 'कॅन' नावाच्या संदेशवाहिनीच्या दोन. म्हणजे दोष बहुधा त्या चार वायरींत होता किंवा त्या डोक्याच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये.

तरीही द्रावण तपासल्याशिवाय पुढे जायचे नाही असे मी ठरवले होते. मार्चनंतर मी रिफ्रॅक्टोमीटर विकत घेतला होता. द्रावणाचा एक थेंब काचेवर ठेवून उजेडाकडे बघायचे, म्हणजे युरियाचे प्रमाण थेट वाचता येते. मात्र हे उपकरण साधारण २० अंश सेल्सिअस धरून आखलेले असते आणि त्याची तापमान-भरपाई ठरावीक मर्यादेपर्यंतच चालते. अकोल्याच्या मे महिन्यात, सावलीतही पारा त्रेचाळीसवर असताना, टाकीतून काढलेला थेंब तसाच ठेवला तर आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून नमुन्याची छोटी बाटली आणि रिफ्रॅक्टोमीटर दोन्ही पिशवीत गुंडाळून तासभर पाण्याच्या माठाशेजारी ओल्या गोणपाटात ठेवले. नंतर आधी शुद्ध पाण्याचा थेंब ठेवून शून्य जुळवले, मग नमुना पाहिला. ३२.५ च्या रेषेला सावली अचूक टेकली होती. मानकाप्रमाणे ३१.८ ते ३३.२ पर्यंतचे प्रमाण चालते, म्हणजे द्रावण उत्तम होते. रिफ्रॅक्टोमीटर फक्त प्रमाण दाखवतो, भेसळ नाही, म्हणून नमुना पांढऱ्या वाटीत घेऊन रंग पाहिला, वास घेतला आणि वर तेलाचा तवंग येतो का ते पाहिले. तसे काही नव्हते.

आता वायरिंग. चावी बंद केल्यावर डीईएफचा पंप नळ्यांतले द्रावण काही वेळ टाकीत परत ओढत असतो. तेवढ्यात बॅटरी सोडली तर द्रावण नळीतच सुकून खडे होतात, म्हणून आवाज थांबेपर्यंत वाट पाहून मगच बॅटरी काढली. मग कॅनच्या दोन वायरींमधला रोध मोजला. वाहिनीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो आणि ते समांतर असल्याने मिळून ६० ओहम यायला हवेत. मला ६०.३ मिळाले. शिवाय त्याच वाहिनीवरचे, धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारे नॉक्स सेन्सर स्कॅनरवर व्यवस्थित बोलत होते. वाहिनी ठीक आहे, तिच्यावरचे एकच डोके अधूनमधून गप्प होते, हे आता नक्की झाले. म्हणजे शंका वीजपुरवठा आणि अर्थ यांच्यावर आली.

इथे मला थोडे थांबून लिहायचे आहे, कारण नेमक्या याच जागी मल्टिमीटर माणसाला फसवतो. बॅटरी पुन्हा जोडली, सेन्सरला वायरी जोडणारा प्लग, म्हणजे कपलर, सोडला, चावी सुरू केली आणि कपलरच्या वीजपुरवठा आणि अर्थ या दोन पिनांवर मीटर लावला. आकडा आला २४.८ व्होल्ट, अगदी भरभक्कम. कोणीही म्हणेल की वायरिंग ठीक आहे, सेन्सर बदला. पण मीटर वायरीतून जवळजवळ काहीच विद्युतप्रवाह ओढत नाही. वायरीचे सगळे धागे तुटून एकच शिल्लक असला, तरी तो एक धागा मीटरला पूर्ण व्होल्टेज दाखवू शकतो. वायरीचा कस प्रवाह वाहू लागल्यावरच लागतो. म्हणून इंडिकेटरचा २४ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब घेतला, त्याला दोन वायरी जोडल्या आणि त्या वीजपुरवठा आणि अर्थच्या पिनांना लावल्या. कॅनच्या पिनांना बल्ब कधीही लावू नये, तिथे नियंत्रकच जळू शकतो. बल्बची तार लालसर, विझत आलेल्या निखाऱ्यासारखी दिसली, आणि मीटरवर २४.८ चे ११ झाले. माझा मदतनीस मुलगा बाजूला उभा होता. कपलरमागचा वायरींचा जुडगा मी त्याला हलकेच हलवायला सांगितला, तशी ती लाली एकदा पूर्ण विझली आणि परत आली. आठवडाभर ड्रायव्हरला डॅशवर जे दिसत होते, ते आता आमच्या हातात दिसत होते.

दोनपैकी कोणती वायर, हे ठरवायला बल्बच पुरला. वीजपुरवठ्याची पिन आणि बॅटरीची ऋण बाजू यांच्यात बल्ब लावल्यावर तो लख्ख पेटला. बॅटरीची धन बाजू आणि अर्थची पिन यांच्यात लावल्यावर पुन्हा तोच मंद लाल. दोष अर्थच्या वायरीत होता.

ती वायर कुठे खराब झाली आहे हे शोधण्यासाठी अनेक जण इन्सुलेशनला जागोजाग सुई टोचतात. डीईएफच्या आसपास मी ते करत नाही, कारण प्रत्येक छिद्र म्हणजे द्रावण आत शिरायला एक दार. मी कोरुगेटेड नळी उघडली, टेप सोडला आणि कपलरपासून बोटांनी चाचपत मागे गेलो. कपलरपाशी अर्थच्या पिनेभोवती खडीसाखरेसारखा पांढरा थर होता आणि त्याच्या कडेला हिरवी झाक होती. वायर वरून धडधाकट दिसत होती, पण चार बोटांवर ती बोटांत कुरकुरली. तिथे इन्सुलेशन चिरले, तर आत तांब्याच्या जागी हिरवा-काळा भुसा होता आणि दोन-तीन धागे कसेबसे टिकून होते. आणखी मागे चिरत गेलो तसे तांबे काळे, मग तपकिरी होत गेले, आणि चकचकीत तांबे दिसेपर्यंत दीड फूट वायर कापावी लागली. समईच्या वातीतून तेल चढावे तसे हे द्रावण वायरीच्या बारीक धाग्यांमधून इन्सुलेशनच्या आतल्या आत चढत जाते, आणि तांब्याशी त्याचे वैर आहे. म्हणूनच डीईएफच्या टाक्या, नळ्या आणि जोडण्या प्लास्टिक किंवा स्टेनलेस स्टीलच्या असतात, तांब्या-पितळेच्या नसतात.

द्रावण त्या कपलरमध्ये शिरले कसे, याचे उत्तर मला शोधावे लागले नाही. मार्चमध्ये टाकी उतरवताना सुटलेला कपलर मी तसाच लोंबकळत ठेवला होता. टाकी कलली तेव्हा त्यावर द्रावण उडाले होते, आणि मी ते फडक्याने पुसून कपलर पुन्हा बसवला होता. शुद्ध पाण्याने धुऊन, हवेने वाळवून, नंतरच तो जोडायला हवा होता आणि तोपर्यंत त्याचे तोंड झाकायला हवे होते. मेमधला दोष मार्चमधल्या माझ्या हातूनच गाडीत आला होता.

संध्याकाळी मालकाचा फोन आला. ते अकोल्यातच राहतात, एकच गाडी, तिच्यावरच हप्ते आणि घर. त्यांना कोणीतरी सांगितले होते की एक छोटी डबी बसवली की युरियाची कटकट कायमची संपते, नियंत्रकाला सगळे ठीक असल्याचे खोटे संदेश मिळत राहतात आणि युरियाचा खर्चही वाचतो. मी ते काम करत नाही, आणि का करत नाही हे त्यांना नीट समजावून सांगितले. ती डबी बसली की धुराड्यातून न शुद्ध झालेला धूर तसाच बाहेर पडतो. आम्ही दिवसभर या रस्त्याच्या कडेला बसतो, शाळेची पोरे याच रस्त्याने सायकलीवर जातात. शिवाय ते कायद्याविरुद्ध आहे, आणि पुढे खरा बिघाड झाला तर तो शोधायला गाडीत एकही साक्षीदार उरत नाही. "ठीक हाय भाऊ, तुमी म्हनता तसं," एवढेच ते म्हणाले, आणि सकाळी स्वतः येतो म्हणून सांगितले.

रात्री खराब वायर मुळापासून काढून निरोगी तांब्यापर्यंत नवी ओढली. जोड टाकीपासून दूर, फ्रेमच्या वरच्या अंगाला घेतला, म्हणजे पुन्हा कधी द्रावण सांडले तरी ते तिथे पोहोचणार नाही. जोडावर आतून डिंक असलेली हीट-श्रिंक नळी चढवली. कपलरच्या चारही पिना आणि रबरी सील बदलले. वीजपुरवठ्याच्या आणि कॅनच्या वायरीही दोन-दोन इंच चिरून पाहिल्या, त्या स्वच्छ निघाल्या. बल्ब पुन्हा लावला, तो पांढराशुभ्र पेटला, आणि मीटर २४.५ च्या खाली गेला नाही.

सकाळी सहा वाजता, इंजिन सुरू करण्याआधी, स्कॅनरवर तीन तापमाने शेजारी ठेवून पाहिली: डीईएफच्या टाकीचे, इंजिनच्या कूलंटचे आणि बाहेरच्या हवेचे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत ही तिन्ही जवळपास सारखी असली पाहिजेत. ती दोन अंशांच्या फरकात होती, म्हणजे तापमानाचा सेन्सर भरवशाचा. टाकीच्या तोंडातून स्वच्छ प्लास्टिकची पट्टी सोडून पातळी पाहिली, तीही स्क्रीनवरच्या आकड्याशी जुळली. मग कोड पुसले आणि भरलेली गाडी घेऊन खामगावच्या दिशेने तासभर फिरून आलो. धूर पुरेसा, साधारण २०० अंशांच्या वर, तापेपर्यंत फवारणी सुरू होत नाही, त्यामुळे गॅरेजच्या दारात गाडी उभी ठेवून ही खात्री होत नाही. उत्प्रेरकाच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन नॉक्स सेन्सर मी सोबत पाहत होतो. पहिला शेकड्यांत होता, दुसरा हळूहळू खाली येत दोन अंकी झाला. मुद्दाम खड्ड्यांच्या पट्ट्यातून गाडी नेली. काटा हलला नाही.

एक काम उरले होते, आणि ते मला मालकासमोरच करायचे होते. मार्चमध्ये काढलेला जुना सेन्सर माझ्या फळीवर पडून होता, आणि त्याच वेळी टाकीतून काढलेल्या द्रावणाचे दोन झाकणबंद कॅनही शेडच्या मागे, भिंतीच्या सावलीत होते. मालक आल्यावर मी जुना सेन्सर कोमट पाण्याने आणि मग शुद्ध पाण्याने धुऊन घेतला आणि दुरुस्त केलेल्या वायरिंगला तात्पुरता जोडला. या सेन्सरमध्ये ध्वनीच्या अतिसूक्ष्म लहरी ठरावीक अंतर कापून परत येतात, आणि त्यांना लागलेल्या वेळेवरून आणि तापमानावरून युरियाचे प्रमाण काढले जाते. मध्ये हवेचा बुडबुडा अडकला तरी आकडा बिघडतो, म्हणून द्रावणात बुडवल्यावर काही मिनिटे स्थिर राहू दिले. ताज्या डीईएफच्या बादलीत त्याने ३२.४ टक्के दाखवले. मग जुना कॅन उघडला. द्रावणाला किंचित पिवळसर छटा होती. त्यात सेन्सर बुडवला आणि तिघेही स्क्रीनकडे बघत उभे राहिलो. आकडा घसरत येऊन २५.८ वर थांबला. त्याच कॅनमधला थेंब थंड करून रिफ्रॅक्टोमीटरवर पाहिला, तो सव्वीसच्या जरा खाली होता. कडक उन्हाळ्यात द्रावणाची ताकद थोडी उतरते हे खरे, ३५ अंशांपर्यंतच्या साठवणीत ते सहाच महिने धरतात, परंतु दहा आठवड्यांत आणि झाकणबंद कॅनमध्ये इतका फरक पडत नाही. ते आधीपासूनच पातळ होते.

ड्रायव्हर खाली मान घालून म्हणाला की फेब्रुवारीत रायपूरहून येताना वाटेतल्या एका दुकानात अर्ध्या भावात सुटा युरिया मिळाला होता, तो त्याने दोन बादल्या भरला होता. मी त्याला बोल लावला नाही. असे सुटे द्रावण कशापासून बनवलेले आहे ते विकत घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून कोणी ते बनवले असेल, तर २०१५ पासून त्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असणे बंधनकारक आहे, आणि ते तेल उत्प्रेरकात जाणे म्हणजे सेन्सरच्या कितीतरी पट खर्च. ड्रायव्हरला मी इतकेच सांगितले की यापुढे सीलबंद कॅन किंवा पंपावरचा नोझल, आणि बिलाचा कागद गाडीत ठेवायचा.

मालक त्या २५.८ कडे बराच वेळ बघत होते. "मंग तो पयला सेन्सर खराब नव्हताच काय?" त्यांनी विचारले.

नव्हता, असे मी त्यांना सांगितले. त्याने मार्चमध्ये खरे तेच सांगितले होते, आणि ते ऐकून द्रावण तपासण्याऐवजी मी त्यालाच काढून टाकले. टाकी रिकामी करून, धुऊन, ताजे डीईएफ भरले असते तर गाडी त्याच दिवशी दोन-तीन हजारांत बाहेर पडली असती, आणि कपलर सुटलाच नसता तर आताची फेरीही वाचली असती. मार्चची मजुरी मी त्यांना परत केली आणि या वेळच्या कामाचे काही घेतले नाही. नवा सेन्सर वापरलेला असल्याने दुकानदार तो परत घेणार नव्हता. म्हणून तो गाडीतच राहू दिला, आणि जुना वाळवून, पिनांवर टोपी चढवून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, तपासणीची तारीख आणि दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हाती दिला. त्यांनी ती पिशवी केबिनमध्ये सीटमागच्या पेटीत ठेवली, पातळ द्रावणाचे दोन्ही कॅन मी बाजूला केले, आणि दहाच्या आत तूरडाळ नागपूरच्या रस्त्याला लागली.